डॅट कॅसेटमधलं गाणं, स्कझीची जाड केबल आणि जुनं युनिक्स मशीन

कोल्हापुरात ज्यांच्या घरात गाणं आहे, किंवा ज्यांनी नव्वदच्या दशकात साउंडचा, रेकॉर्डिंगचा धंदा केलाय, त्यांच्या कपाटात बऱ्याचदा डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) कॅसेटचा एखादा डबा सापडतो. नेहमीच्या ऑडिओ कॅसेटपेक्षा लहान, आत बारीक पट्टी, वरती बॉलपेनने लिहिलेलं कुणाचं तरी नाव आणि रागाचं नाव. वाजवायचा डेक कधीच बंद पडलेला असतो. मग कुणीतरी सांगतं की अहो, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या जुन्या युनिक्स मशीनला जो टेप ड्राइव्ह लागतो ना, त्यातनं हे निघतं. माणूस इकडंतिकडं शोधून ते मशीन मिळवतो, ड्राइव्ह मिळवतो, आणि मग ती स्कझीची, म्हणजे कॉम्प्युटरला डिस्क, टेप असली यंत्रं जोडायच्या जुन्या पद्धतीची, पन्नास पिनांची बोटभर जाड केबल हातात घेतो आणि तिथंच अडकतो. खरं तर त्या केबलमागचा विचार एकदा कळला की काम अवघड नाही, पण तो सोप्या भाषेत सांगणारं मराठीत फार काही नाही, म्हणून हा लेख जरा लांबणार आहे.

आधी डॅट आणि ड्राइव्हचं नातं

डॅट हे सोनीने १९८७ मध्ये आणलं. आवाज आकड्यांच्या रूपात, म्हणजे डिजिटल, टेपवर लिहायचा. सेकंदाला ४८,००० किंवा ४४,१०० किंवा ३२,००० वेळा आवाज मोजायचा आणि प्रत्येक मोजणी साधारणपणे १६ बिटांत लिहायची. दर्जा सीडीच्या तोडीचा, म्हणून स्टुडिओवाल्यांनी आणि मैफली रेकॉर्ड करणाऱ्यांनी ते उचललं. पुढं सोनीने २००५ मध्ये डॅट रेकॉर्डर बनवणं बंद केलं, त्यामुळं आता जे डेक आहेत ते सगळे म्हातारे.

१९८९ मध्ये सोनी आणि एचपी यांनी हीच कॅसेट कॉम्प्युटरचा बॅकअप घ्यायला वापरायची पद्धत काढली, तिला डीडीएस म्हणतात. म्हणजे डीडीएस ड्राइव्ह आणि डॅट डेक, दोघांच्या आतलं यंत्र जवळजवळ एकच. पण बहुतेक डीडीएस ड्राइव्हना ऑडिओची टेप दिली तर ते ती ओळखत नाहीत, कारण ड्राइव्हच्या आत बसवलेला जो कायमचा प्रोग्राम असतो (फर्मवेअर) त्याला फक्त डेटा टेप माहीत असते. सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या वर्कस्टेशनबरोबर (युनिक्स नावाच्या सिस्टीमवर चालणारे ताकदवान कॉम्प्युटर) जे ड्राइव्ह विकले, त्यातल्या काहींच्या फर्मवेअरला ऑडिओही वाचता येतो. तिथनं ही सगळी गोष्ट सुरू होते.

स्कझीवर लागणारं ऑडिओचं यंत्र म्हणजे फक्त हाच ड्राइव्ह असं नाही हं. अकाई, ई-म्यू, कुर्झवाइल यांचे सॅम्पलर, म्हणजे कीबोर्डवाल्यांचे रेकॉर्ड केलेले सूर साठवून वाजवणारे डबे, त्यांनाही मागं हेच सॉकेट असायचं. बाहेरचे सीडी ड्राइव्ह होते. डिजिटल आवाज एका बाजूनं घेऊन दुसऱ्या बाजूनं स्कझीवर देणारे इंटरफेसचे डबेही तेव्हा मिळायचे. जोडायची रीत सगळ्यांची सारखीच, म्हणून डॅट ड्राइव्ह धरून सांगतो.

एवढी जाड केबल कशाला लागायची?

सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. ४८,००० वाला डॅट असेल तर १,९२,००० बाइट. आज हा आकडा काहीच वाटत नाही, पण यूएसबी १९९६ मध्ये आलं, त्याच्या आधी मशीनच्या मागं जे सिरियल पोर्ट असायचे त्यातनं एवढा डेटा जाणं शक्यच नव्हतं. वाद्यांच्या जगात मिडी नावाची केबल होती, तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे ३,१२५ बाइट. एका मिनिटाचा मोनो आवाज ५३ लाख बाइटच्या आसपास होतो, तो मिडीवरनं पाठवायचा तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ जायचा. आणि स्कझी? अगदी पहिली, १९८६ मध्ये ठरलेली स्कझीसुद्धा सेकंदाला ५० लाख बाइट नेऊ शकायची. त्यात सन, सिलिकॉन ग्राफिक्स, एचपी, नेक्स्ट या सगळ्या कंपन्यांच्या वर्कस्टेशनना हार्ड डिस्कसाठी स्कझी आधीपासनं होतीच. मागं तयार सॉकेट आहे, वेग भरपूर आहे, मग ऑडिओवाल्यांनी दुसरं काय वापरायचं.

एक पाइपलाइन, अनेक चेंबर

आता मुख्य गोष्ट. पंचगंगेतनं, भोगावतीतनं पाणी उपसून शेतावर नेणाऱ्या पाणीपुरवठा संस्था आपल्याकडं गावोगाव आहेत. नदीवर मोटार, तिथनं एकच मोठी पाइपलाइन, त्या पाइपलाइनीवर ठरावीक अंतरानं चेंबर, प्रत्येक चेंबरला नंबर, आणि पाणी पाळीनं. एकाची पाळी सुरू असताना दुसऱ्यानं व्हॉल्व्ह उघडायचा नाही. स्कझी हे तंतोतंत असंच चालतं. प्रत्येक यंत्राला मशीनपासनं वेगळी केबल जात नाही, एकच लाइन सगळ्यांतनं पुढं पुढं जाते. मशीनपासनं पहिल्या यंत्राला, त्याच्या दुसऱ्या सॉकेटमधनं पुढच्या यंत्राला, असं. म्हणून बाहेरच्या प्रत्येक स्कझी यंत्राच्या मागं बहुतेक दोन सारखी सॉकेट दिसतात, त्यात आत आणि बाहेर असा फरक नसतो, कुठलंही कुठंही लावलं तरी चालतं.

आणि ज्यानं पाइपलाइन बघितलीय त्याला अजून एक गोष्ट माहीत असते, की पाणी जोरात असताना शेवटचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाणी जागच्या जागी गप्प बसत नाही, त्याचा धक्का मागं फिरतो आणि मध्येच कुठलातरी जॉइंट फोडतो. तारेतल्या सिग्नलचंही असंच होतं. केबलचं टोक मोकळं सोडलं तर सिग्नल तिथं आपटून मागं येतो आणि पाठोपाठ येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. हा धक्का टोकाशी जिरवून टाकणारा जो तुकडा असतो, त्याला टर्मिनेटर म्हणतात. तर नंबर आणि टर्मिनेटर, स्कझीतली निम्म्याहून जास्त दुखणी या दोन गोष्टींत असतात असं माझं ठाम मत आहे.

नंबर, म्हणजे आयडी

साध्या स्कझीत ० ते ७ असे आठ नंबर असतात आणि त्यातला एक मशीन स्वतः घेतं. म्हणजे बाहेर आणि आत मिळून सात यंत्रं. दोघांना एकाच वेळी बोलायचं असलं तर मोठ्या नंबरवाल्याला आधी संधी, ७ सगळ्यात वरचा, म्हणून बहुतेक मशीन स्वतःकडं ७ ठेवतात. पण सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडी, इंडिगो वगैरे मशीनमध्ये मशीनचा स्वतःचा नंबर ० असतो आणि आतली डिस्क १ वर! हे माहीत नसलं की माणूस ड्राइव्हला ० देऊन बसतो आणि मग काय होतंय तेच कळत नाही. सनच्या स्पार्कस्टेशनमध्ये साधारणपणे आतली डिस्क ३ वर, सीडी ६ वर, टेप ४ वर असा रिवाज.

डॅट ड्राइव्हला ४ किंवा ५ द्या, बहुतेक ठिकाणी तो मोकळा असतो. नंबर बदलायचं छोटं चाक किंवा बटण डब्याच्या मागं असतं, नाहीतर आत ड्राइव्हवर जम्पर, म्हणजे पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या, असतात. मात्र नंबर बदलल्यावर यंत्र बंद करून परत चालू करा, कारण बरीच यंत्रं नंबर फक्त सुरू होताना वाचतात. आणि एक खूण लक्षात ठेवा, एकच ड्राइव्ह जर मशीनला सगळ्या नंबरांवर दिसायला लागला तर समजायचं की ड्राइव्हनं आणि मशीननं एकच नंबर घेतलाय.

टर्मिनेटर नसतानाही चालतंय की, मग?

हा प्रश्न येणारच, आणि प्रश्न विचारणारा खोटं बोलत नसतो. आखूड केबल, एकच यंत्र, कमी वेग, अशा वेळी टर्मिनेटर नसला तरी काम चालल्यासारखं दिसतं. ड्राइव्ह दिसतो, टेप फिरते, फाइलसुद्धा तयार होते. पण आपल्याला काय हवंय हे लक्षात घ्या. आपल्याला दोन तासाची मैफल एकही बाइट न बिघडता उतरवायची आहे, म्हणजे ४८,००० च्या हिशोबानं जवळजवळ १३८ कोटी बाइट. त्यात मध्येच लाइन अडखळली, मशीननं ती झटकून परत सुरू केली (सिस्टीमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, रीसेट, टाइमआउट असे शब्द दिसतात), की टेप थांबते, मागं जाते, परत पुढं येते आणि जुन्या पट्टीला हा झटका अजिबात मानवत नाही. म्हणून टर्मिनेटर लावायचाच.

नियम एवढाच की लाइनीच्या दोन टोकांना एक एक, मध्ये कुठंही नाही. एक टोक बहुतेक मशीनच्या आत असतं, ते आधीच बंदोबस्त केलेलं असतं. दुसरं टोक म्हणजे शेवटच्या यंत्राचं मोकळं सॉकेट, तिथं टर्मिनेटर घट्ट बसवायचा आणि क्लिपा लावायच्या. काही ड्राइव्हच्या आतच टर्मिनेटर असतो, जम्परनं चालू-बंद होणारा. तो चालू ठेवून बाहेरून अजून एक लावला तर तेही चूकच, दोन लावले म्हणून दुप्पट चांगलं होत नाही.

टर्मिनेटर दोन प्रकारचे मिळतात. पॅसिव्ह, ज्यात नुसते २२० आणि ३३० ओमचे रेझिस्टर असतात, आणि ॲक्टिव्ह, ज्यात व्होल्टेज एकसारखं ठेवणारं सर्किट असतं. ॲक्टिव्हच घ्या. जुन्या बाजारात शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही. काहींवर छोटा दिवा असतो, तो पेटला म्हणजे टर्मिनेटरला लाइनीतनं वीज मिळतेय. तो पेटत नसेल तर मशीनमधला किंवा डब्यातला त्या विजेचा फ्यूज उडालेला असू शकतो, आणि हा फ्यूज का उडतो तर चालू मशीनला केबल लावल्यामुळं. यूएसबीची सवय झालेल्या हातांना हे सांगून ठेवायलाच पाहिजे, की स्कझीची केबल चालू मशीनला लावायची नाही आणि काढायचीही नाही.

केबल घेताना

सॉकेटचे आकार वेगवेगळे असतात. बाहेरच्या जुन्या डब्यांना रुंद, ५० टोकांचं, दोन बाजूला तारेच्या क्लिपा असलेलं सॉकेट असतं. इंडी किंवा स्पार्कस्टेशनच्या मागं ५० पिनांचंच पण बारीक दाट पिनांचं. नंतरच्या मशीनना ६८ पिनांचं. सॅम्पलरवर कधीकधी २५ पिनांचं, मॅकिंटॉशसारखं. दोन टोकं वेगळी असलेली तयार केबल मिळते, ती शोधा. आपल्या उद्यमनगरात, लक्ष्मीपुरीत कुणीही कारागीर पन्नास तारा सोल्डर करून देईल, त्याच्या हाताबद्दल शंकाच नाही, पण स्कझीच्या चांगल्या केबलमध्ये प्रत्येक सिग्नलच्या तारेला तिच्या जोडीची तार पिळलेली असते आणि वरनं जाळी असते, ते घरच्या केबलमध्ये जमत नाही.

लांबी मोजताना सगळ्या केबलींची बेरीज धरायची, मशीनच्या आतलीसुद्धा. पहिल्या वेगात, ५० लाख बाइटवाल्या, ६ मीटरपर्यंत चालतं. त्याच्या दुप्पट वेगात ३ मीटर. एक मीटरची एक चांगली केबल आणि शेवटी टर्मिनेटर, आपल्या कामाला एवढं बास.

६८ वाल्या मशीनला ५० वाला ड्राइव्ह लावायचा तर मधला ॲडॉप्टर असा घ्या ज्यात उरलेल्या तारांचं टर्मिनेशन केलेलं असतं, नुसता आकार बदलणारा स्वस्त ॲडॉप्टर नको. आणि एक धोक्याची गोष्ट. हाय व्होल्टेज डिफरेन्शियल नावाची एक वेगळी स्कझी होती, २५ मीटरपर्यंत जाणारी, तिची सॉकेट हुबेहूब सारखीच. ती साध्या स्कझीला लावली तर यंत्र जळू शकतं. डब्यावर ‘डिफ’ असं काही किंवा नेहमीपेक्षा वेगळं चिन्ह दिसलं तर आधी चौकशी करा, मग हात लावा.

मशीन आणि ड्राइव्ह एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, बोर्डाचं अर्थिंग नीट बघून घ्या. सुरू करताना आधी ड्राइव्ह, तो शांत झाला की मशीन.

मशीनला दिसलं म्हणजे झालं का?

नाही. आणि इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. यंत्र लाइनीवर दिसणं वेगळं आणि ते युनिक्सला वापरता येणं वेगळं.

मशीन सुरू होताना प्रत्येक नंबराला हाक मारून विचारतं की तू कोण. स्कझीत या प्रश्नाला इन्क्वायरी म्हणतात. उत्तरात यंत्र आपल्या कंपनीचं नाव, मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि आपला प्रकार सांगतं. प्रकारांना आकडे ठरलेत, डिस्क ०, टेप १, सीडी ५, आणि सॅम्पलरसारखी यंत्रं स्वतःला ३ म्हणजे प्रोसेसर म्हणवतात. हा प्रकार बघून युनिक्स ठरवतं की कुठला ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राशी बोलणारा आतला प्रोग्राम, त्याला द्यायचा. प्रकार १ दिसला की टेपचा ड्रायव्हर येऊन बसतो. प्रकार ३ दिसला की बऱ्याच सिस्टीम गप्प बसतात, कारण त्यांच्याकडं त्याच्यासाठी कुणी नसतंच. सॅम्पलर दिसतो पण वापरता येत नाही ही तक्रार इथनं येते.

मशीनप्रमाणं बघायची रीत वेगळी आहे. सनवर कीबोर्डवर स्टॉप आणि ए एकदम दाबलं की ओके असा शब्द येतो, तिथं ‘प्रोब-स्कझी’ ही आज्ञा दिली की लाइनीवर कोण कोण आहे ते छापून येतं, युनिक्स सुरू व्हायच्याही आधी. मला ही सोय फार आवडते, कारण केबलचा दोष आणि सॉफ्टवेअरचा दोष इथंच वेगळे करता येतात. इथं ड्राइव्ह दिसला नाही तर पुढं सोलॅरिसमध्ये, म्हणजे सनच्या युनिक्समध्ये, डोकं घालायचंच नाही, सरळ नंबर, केबल, टर्मिनेटर बघायचं. दिसला तर ‘बूट’ पुढं उणे आर देऊन मशीन सुरू करायचं, म्हणजे सोलॅरिस नवीन यंत्रांची नोंद करून घेतं. प्रकार ३ वाल्या यंत्रासाठी सोलॅरिसच्या नंतरच्या आवृत्त्यांत, ८ पासनं पुढं, सामान्य स्कझी ड्रायव्हर आहे, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये कुठल्या प्रकाराला आणि कुठल्या नंबराला लागायचं ते लिहावं लागतं. सनच्या जुन्या मशीनमध्ये बहुधा अजून एक दुखणं निघतं, सेटिंग लक्षात ठेवणाऱ्या चिपच्या आतली बॅटरी संपलेली असते, ते आधी निस्तरून घ्या.

सिलिकॉन ग्राफिक्सवर, म्हणजे त्यांच्या आयरिक्स नावाच्या युनिक्समध्ये, मशीनमधल्या सगळ्या सामानाची यादी देणारी आज्ञा आहे, ‘हार्डवेअर इन्व्हेंटरी’ हे नाव आखडून बनलेली ‘hinv’. त्यात टेप ड्राइव्ह, युनिट ४, कंट्रोलर ० (मशीनमधलं स्कझी सांभाळणारं सर्किट) असं काहीतरी यायला पाहिजे. आणि डॅट उतरवायला ‘डॅटमॅन’ नावाचा प्रोग्राम आयरिक्सबरोबरच यायचा, ड्राइव्हचं फर्मवेअर योग्य असलं की तो टेप वाजवतो आणि फाइलही करून देतो. एवढं तयार हत्यार दुसऱ्या कुठल्या मशीनवर मिळत नाही, म्हणून लोक अजून इंडी शोधत असतात.

इंडी नाही मिळाली तर? पीसीआय स्लॉट असलेला जुना पीसी, त्यात अडॅप्टेकचं २९४० सारखं स्कझी कार्ड आणि लिनक्स (युनिक्ससारखीच मोफत सिस्टीम), यावरही काम होतं, त्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे आणि ऑडिओ डॅट वाचणारे छोटे मोफत प्रोग्रामही आहेत. ड्राइव्ह मात्र ऑडिओच्या फर्मवेअरचाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ड्राइव्हच्या नंबरासाठी वेग कमी करून ठेवा, आपल्याला सेकंदाला दोन लाख बाइटसुद्धा नकोत, उगाच वेग कशाला.

डिव्हाइस फाइल आणि परवानगी

युनिक्समध्ये प्रत्येक यंत्र एका फाइलच्या रूपात दिसतं, ‘डेव्ह’ नावाच्या डिरेक्टरीत. ती फाइल वाचली की यंत्र वाचलं जातं. टेपसाठी एकाच ड्राइव्हच्या अनेक फाइली असतात आणि त्यांचे अर्थ वेगळे असतात. लिनक्समध्ये ‘एसटी०’ उघडून बंद केली की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, ‘एनएसटी०’ वापरली तर आहे तिथं थांबते. आयरिक्समध्ये नावातच कंट्रोलर आणि नंबर असतो, आणि शेवटच्या अक्षरांवरनं कळतं की गुंडाळायचं की नाही, बाइट उलटे करायचे की नाही. जुनी पट्टी दर वेळी मागं-पुढं पळवायची नसते, म्हणून न गुंडाळणारीच फाइल वापरा.

‘रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यानं, लॉगिन केलं की सगळं चालतं, मग परवानगीची भानगड कशाला’ असं कुणीही म्हणेल. कारण असं की त्याच लाइनीवर तुमची सिस्टीमची डिस्क बसलेली आहे. रूटला सगळ्या नंबरांवर लिहायची मुभा असते, आणि स्कझीच्या थेट आज्ञा देताना ४ च्या जागी १ टाइप झालं तर आज्ञा डिस्कला जाते. लिनक्समध्ये तर थेट आज्ञांसाठीच्या ‘एसजी०’, ‘एसजी१’ या फाइलींचे आकडे ज्या क्रमानं यंत्रं सापडतात त्या क्रमानं पडतात, आज ड्राइव्ह ‘एसजी१’ असेल तर उद्या ड्राइव्ह चालू करायला विसरलात की ‘एसजी१’ म्हणजे दुसरंच काहीतरी. त्यापेक्षा एक ग्रुप करा, फक्त त्या ड्राइव्हच्या फाइलला तो ग्रुप द्या, आपलं साधं खातं त्या ग्रुपात घाला आणि काम त्याच खात्यावरनं करा. आणि कॅसेटवरची लिहायला बंदी करणारी छोटी पट्टी सरकवून ठेवा, घरातली प्रत्येक कॅसेट, मशीनला हात लावायच्या आधी.

फाइल झाली, पण नुसती खरखर ऐकू येतेय

हे फार जणांना होतं आणि बहुतेकांना वाटतं टेप गेली. टेप गेलेली नसते. १६ बिटांचा आकडा म्हणजे दोन बाइट, आता त्यातला मोठा बाइट आधी लिहायचा की लहान, यावर मशीनांचं एकमत नाही. सनचा स्पार्क, सिलिकॉन ग्राफिक्सची मशीन, ही मोठा आधी लिहितात. आपला नेहमीचा इंटेलचा पीसी लहान आधी. एआयएफएफ फाइल मोठा आधी, वेव्ह फाइल लहान आधी. एकीकडचं दुसरीकडं तसंच वाचलं की १ चा २५६ होतो, २५६ चा १ होतो, आणि तानपुऱ्याच्या जागी कानठळ्या बसवणारी फुरफुर येते, जिच्या मागं कुठंतरी गाण्याचा आकार जाणवतो. ‘सॉक्स’ नावाच्या मोफत प्रोग्रामनं बाइटांची अदलाबदल करून परत ऐका. स्पीकरचा आवाज बारीक ठेवून मगच.

दुसरी खोड सॅम्पलिंगच्या आकड्याची. ४८,००० वर रेकॉर्ड झालेलं ४४,१०० समजून वाजवलं तर सगळं सावकाश होतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर खाली येतो, म्हणजे काळी एकमध्ये गायलेलं पांढरी एकच्याही खाली जातं. गाण्यातल्या माणसाला हे लगेच खटकतं, म्हणून उतरवताना शेजारी एक गाणारा माणूस असू द्या, नुसता कॉम्प्युटरवाला नको. अजून दोन बारीक गोष्टी आहेत. काही टेपा लाँग प्लेमध्ये असतात, ३२,००० आणि १२ बिट, त्यांना वेगळं उलगडावं लागतं. आणि काहींवर उंच सूर मुद्दाम वाढवून रेकॉर्ड केलेले असतात, तशी खूण टेपवर असते, ती न बघता उतरवलं तर आवाज किरकिरा लागतो.

डेकच्या लाइन-आउटमधनं सरळ का नाही घ्यायचं?

डेक चालू असेल तर जरूर घ्या! काहीच न होण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. पण तिथं डिजिटलचं ॲनालॉग आणि परत डिजिटल असे दोन फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात थोडं थोडं बदलतं. डेकला डिजिटल आउट असेल तर त्यातनं घेणं त्याहून चांगलं. तरी एक फरक राहतो. टेपवर वाचता न आलेली जागा आली की डेक तिथं अंदाजानं आवाज भरून पुढं जातो, ऐकताना छान वाटतं पण कुठं अंदाज केलाय ते आपल्याला कळत नाही. ड्राइव्हमधनं आवाज तुकड्या-तुकड्यांनी येतो, ४८,००० ला सेकंदाला ३३ च्या आसपास तुकडे, प्रत्येकात ५,७६० बाइट आवाज आणि बरोबर वेळ, ट्रॅकचा नंबर असली माहिती. एकच टेप दोनदा उतरवून दोन्ही फाइली एकमेकींशी ताडता येतात, आणि जिथं फरक पडतो ती जागा नेमकी सापडते. पुढं कधी अभ्यासासाठी ही रेकॉर्डिंग लागली तर ही खात्री मोलाची आहे.

यूएसबीचा कन्व्हर्टर लावून आजच्या लॅपटॉपला जोडता येईल का, हेही विचारतात. यूएसबीचं स्कझी करणाऱ्या वायरी आल्या होत्या, पण त्या मुख्यतः डिस्कसाठी. ऑडिओ टेपला ज्या खास आज्ञा लागतात त्या मधल्यामध्ये अडकण्याची शक्यता जास्त, म्हणून पैसे घालताना विचार करा, जुना पीसी आणि खरं स्कझी कार्ड हाच रस्ता भरवशाचा.

हे सगळं प्रत्येकानं घरी करायचं का?

मला वाटतं नाही. शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले त्या गावात गाण्याच्या किती टेपा कुठं कुठं असतील याची नोंद कुणाकडंच नाही, आणि आपल्याकडचा पावसाळा पट्टीला चांगला नाही. बुरशी धरते, पट्टी एकमेकींना चिकटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तळमजल्यावरचं ज्यांचं भिजलं त्यांना वेगळं सांगायला नको. भिजलेली किंवा पांढरी बुरशी दिसणारी कॅसेट ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, ती स्वतः तर जातेच पण मिनिटाला २,००० फेरे घेणारा आतला ड्रम आणि त्यावरची हेडं घाण करून पुढच्या चांगल्या टेपांनाही धोका करते. ती आधी जाणकाराकडं.

चार-पाच घरांनी, एखाद्या संगीत मंडळानं, एखाद्या जुन्या साउंडवाल्यानं मिळून एक सेट उभा करावा. एक मशीन, ऑडिओ फर्मवेअरचे शक्यतो दोन ड्राइव्ह कारण एक मध्येच दम तोडणार, एक केबल, एक ॲक्टिव्ह टर्मिनेटर. पहिली टेप म्हणून महत्त्वाची मैफल कधी घालू नका, ज्याचं काही गेलं तरी चालेल असं एखादं रेकॉर्डिंग घाला, ते पूर्ण उतरवा, लॉगमध्ये एकही रीसेट नाही ना बघा, दोनदा उतरवून ताडून बघा, मगच पुढं. तोवर घरी बसून एक काम आजच करता येईल, वही घ्या आणि प्रत्येक कॅसेटवरचं लिखाण जसंच्या तसं उतरवून काढा, गायक, साथीदार, राग, तारीख, जागा, आणि कव्हरवर ४८ लिहिलंय की ४४.१ की एलपी तेसुद्धा. बॉलपेनची शाई पुसट होत चाललीय आणि ते अक्षर ओळखणारी माणसं अजून घरात आहेत, त्यांना शेजारी बसवून विचारून घ्या.